यलोनाइफला यायचं का? थंडीचं राहू द्या, अंतराचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला यलोनाइफमध्ये, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेतल्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या राजधानीत, सरकारी खात्यात नोकरी मिळते आहे, मुलगी सात वर्षांची, सध्या मुक्काम टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला. जानेवारीत दोघं चार दिवस येऊन गेलात. दुपारीच मावळणारा सूर्य, उणे ३८, भर बाजारात झिंगून बसलेली माणसं, ढोबळ्या मिरचीचा भाव बघून आलेली चक्कर, आणि एका रात्री दिसलेला अरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश. एक मैत्रीण म्हणते स्वर्ग आहे, दुसरी म्हणते काळ्या पाण्याची शिक्षा. खरं कोणाचं?

मी २०१० च्या सप्टेंबरात इथे आले. गाव मिरज, शिक्षण जिओटेक्निकल इंजिनिअरिंगचं. गोठलेल्या जमिनीवर इमारत, रस्ता, तेलाची टाकी नीट उभी राहील की नाही, हे सांगायचं माझं काम. बाकी वेळात नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना विमानतळावरून आणणं, पहिला आठवडा जेवायला घालणं हे अंगावर आपोआप येऊन पडलं. त्यातली बरीच मंडळी इथे रुळली, बरीच परतही गेली. पण थंडीला कंटाळून गेलेलं एकही घर मला आठवत नाही. अंतराला कंटाळून गेलेली मात्र बोटांवर मोजून दाखवते.

आधी तुमच्या दोन मैत्रिणींचं बघू. मला खात्री आहे की पहिली सप्टेंबरात आली असणार आणि दुसरी नोव्हेंबरात. या गावाबद्दल कोणी काहीही सांगितलं की मी आधी महिना विचारते. २१ डिसेंबरला इथे सूर्य दहाच्या सुमारास वर येतो आणि तीन वाजता जातो, जेमतेम पाच तासांचा दिवस. जूनच्या शेवटी तोच सूर्य रात्री साडेअकरानंतर मावळतो आणि पहाटे चारच्या आत परत हजर. मधल्या वेळातही अंधार होत नाही, संधिप्रकाश असतो. खिडक्यांना ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलेली घरं दिसतील, ती गरिबी नव्हे. रात्री अकराला मुलांना झोपवायचा तो उपाय आहे. जानेवारीचे चार दिवस बघून गावाला नाव ठेवणं म्हणजे मे महिन्यात विदर्भात उतरून महाराष्ट्राविषयी मत देण्यासारखं.

थंडीबद्दल एकदाच बोलते आणि सोडते. जानेवारीचं सरासरी तापमान उणे २५ च्या आसपास, नोंदलेला नीचांक उणे ५१.२. पण हवा कोरडी. वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून पाणी तीनशे मिलिमीटरच्या आतच, म्हणजे आमच्या माणदेशापेक्षाही कमी. त्यामुळे इथली थंडी हाडात शिरत नाही, ती वरून चावते. उणे ३८ ला इथे कुणी "सुट्टी आहे का" असं विचारत नाही. मुलं शाळेत जातात, लोक कुत्रं फिरवतात. गाडीला इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर असतो, त्याची वायर बंपरमधून बाहेर लोंबते, आणि पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर विजेचं सॉकेट असतं. रात्री फोनबरोबर गाडीही प्लगला लावायची. कडक थंडीत सकाळी निघालात की पहिला अर्धा किलोमीटर गाडी धडधडते, कारण उभ्या उभ्या टायर खालून चपटे झालेले असतात. काही बिघडलेलं नसतं, चालवत राहायचं. कपडे ब्रॅम्प्टनमध्ये घेऊ नका, इथे येऊन घ्या. आणि भारतातून आणलेले बूट कपाटातच राहू द्या. त्यांच्या तळव्याचा डिंक उणे तिसाला सुटतो. हे मला ऑफिसच्या दारात, एक तळवा मागे ठेवून आत गेल्यावर कळलं.

आता अंतर.

यलोनाइफहून जवळात जवळचं मोठं शहर एडमंटन, रस्त्याने सुमारे १,४५० किलोमीटर. वाटेत पेट्रोल आहे, गवे (बायसन) आहेत, अधूनमधून वस्ती आहे. पण ज्याला तुम्ही-मी गाव म्हणू असं पहिलं गाव, अल्बर्टातलं हाय लेव्हल, सातशे किलोमीटरवर. गवे हा विनोद नाही. हायवे ३ वर रानगव्यांचे कळप रस्त्यातच उभे असतात, रात्री काळ्या अंगावर हेडलाइट पडला तरी दिसत नाहीत. इथले जुने लोक म्हणूनच अंधारात तो रस्ता टाळतात. दुसरा रस्ता नाही. वीस हजारांच्या राजधानीला बाहेरच्या जगाशी जोडणारा हा एवढाच धागा.

मी आले तेव्हा तोही अखंड नव्हता. फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ मॅकेन्झी नदी आडवी येते. उन्हाळ्यात तिथे फेरीबोट चालायची, हिवाळ्यात नदीच्या बर्फावरूनच ट्रक जायचे. अडचण मधल्या दिवसांची. बर्फ फुटतो आहे पण गेलेला नाही, तेव्हा फेरीही नाही आणि बर्फाचा रस्ताही नाही. त्या आठवड्यांत दूध-भाजी विमानाने येई आणि दुकानातल्या पाट्यांवरचे भाव बदलत. ३० नोव्हेंबर २०१२ ला डेह चो पूल सुरू झाला आणि तो प्रकार संपला. तुम्हाला चक्कर आणणारी ढोबळी मिरची ही पुलानंतरची मिरची आहे, म्हणजे स्वस्तातली.

बाहेरून आलेला माणूस भाव बघतो आणि म्हणतो, लुटतात. लुटत नाहीत. मिरची, विटा, नळाचा वॉशर, दातांच्या डॉक्टरकडचं सामान, सगळं त्या एका रस्त्याने येतं आणि प्रत्येकाच्या किमतीत ते किलोमीटर भरलेले असतात. घरं तेलावर किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर, पेलेट्सवर, तापतात, तेही दक्षिणेकडूनच येतं. वीज बहुतांश स्नेअर नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते. नदीला पाणी कमी पडलं की गावातली डिझेलची यंत्रं घरघरू लागतात. डाळ, तांदूळ, कणीक इथे मिळते. ताजी मेथी, कढीपत्ता, चांगला आंबा हे विसरा. एडमंटनच्या मिल वुड्समधून, आपल्या लोकांच्या वस्तीतून, येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या सामानात आमच्या कुणाच्या तरी हिरव्या मिरच्या असतात.

पण भाजी हा अंतराचा किरकोळ भाग. खरा भाग दवाखान्यात कळतो. इथलं स्टँटन हॉस्पिटल चांगलं आहे, नवी इमारत २०१९ ची, बाळंतपणं होतात, नेहमीच्या शस्त्रक्रिया होतात. पण हृदयाचं काही गुंतागुंतीचं, कर्करोगाचे काही उपचार, जोखमीचं बाळंतपण असलं की एडमंटन. विमानाने पावणेदोन तास. विमान आणि राहणं यासाठी मदतीची योजना असते, तिच्या अटी नोकरी स्वीकारण्याआधी वाचून घ्या. तुमच्या घरात कुणाला दर महिन्याला तज्ज्ञाकडे जावं लागत असेल तर माझं उत्तर सरळ आहे: येऊ नका. मुलीला दमा असेल तर मुलांच्या डॉक्टरशी आधी बोला. थंडीपेक्षा उन्हाळ्यातल्या वणव्यांचा धूर तिला जास्त छळेल.

वणव्यावरून २०२३ चं सांगते, कारण इथल्या माणसाला गाव समजायला त्या तीन आठवड्यांनी जेवढं शिकवलं तेवढं कशानेच नाही. १६ ऑगस्टच्या संध्याकाळी अख्खं शहर रिकामं करण्याचा हुकूम निघाला. आग पश्चिमेकडून येत होती आणि रस्ताही पश्चिमेलाच जातो. सुमारे वीस हजार माणसं, एक रस्ता. आम्ही १७ ला पहाटे निघालो. गाडीत आम्ही तिघं, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं मांजर, पासपोर्ट, आणि का कोण जाणे प्रेशर कुकर. धुरामुळे पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत. पुलाजवळच्या पेट्रोलपंपावर रांग संपता संपेना, पण हॉर्न एकानेही वाजवला नाही, हे मात्र मी पुण्याच्या भावाला आवर्जून सांगितलं. वाटेतलं एंटरप्राइज नावाचं गाव चारच दिवसांपूर्वी जळून गेलं होतं. आपल्या गावाचं असं होईल का, हा विचार गाडीतल्या तिघांनी एकाच वेळी केला आणि कोणी बोललं नाही.

शहर वाचलं. ६ सप्टेंबरला परत येऊ दिलं. तीन आठवडे बंद राहिलेला फ्रिज उघडू नये, सरळ दोरीने बांधून बाहेर न्यावा, हे ज्ञान मी तुम्हाला फुकट देते. त्यानंतर दोन आठवड्यांत, १९ तारखेला गणपती बसले. शाडूची मूर्ती आम्ही घरीच करतो. त्या वर्षी वेळ नव्हता म्हणून ती एवढीशी झाली, आणि आरतीला आजवरची सगळ्यात जास्त माणसं आली.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी चार दिवसांच्या पाहुण्याला दिसत नाही. हे गाव दोन प्रकारच्या जमिनीवर बसलं आहे. एक, कॅनेडियन शील्डचा उघडा खडक, अब्जावधी वर्षांचा, आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याच्यापुढे तान्हं बाळ. दोन, त्या खडकांच्या मधल्या खोलगटीत साचलेली चिकणमाती, आणि त्या मातीत कायमचा गोठलेला बर्फ. सगळीकडे नाही, तुकड्यातुकड्यांत. घराच्या पुढच्या कोपऱ्याखाली असेल, मागच्या कोपऱ्याखाली नसेल. घराची ऊब खाली गेली की तो बर्फ वितळतो आणि घर एका बाजूने बसतं. म्हणून इथे बरीच घरं जमिनीपासून वर उचललेली, मधून वारा खेळता ठेवलेली, खाली स्क्रू-जॅक लावलेली. दर काही वर्षांनी कुणीतरी पाना घेऊन खाली शिरतो आणि घर परत सपाट करतो. यलोनाइफ ते बेचोको हा हायवेचा पट्टा समुद्राच्या लाटेसारखा वरखाली होतो तोही याचमुळे. पहिल्यांदा येणारे म्हणतात सरकार रस्ता दुरुस्त करत नाही. दर उन्हाळ्यात करतं. खालची जमीन ऐकत नाही.

जमिनीचं दुसरं दुखणं माणसाने केलेलं आहे आणि त्याबद्दल कुणी तुम्हाला पर्यटनाच्या पत्रकात सांगणार नाही. शहर उभं राहिलं सोन्यावर. कॉन खाण १९३८ ला सुरू झाली, जायंट खाण १९४८ ला. जायंटचं सोनं आर्सेनिकच्या खनिजात अडकलेलं होतं, ते भाजून काढायचं. भाजताना आर्सेनिकचा धूर. सुरुवातीची वर्षं तो सरळ हवेत सोडला. १९५१ साली इथल्या डेने या मूळ रहिवाशांच्या वस्तीतलं एक लहान मूल त्या विषाने गेलं. बर्फ वितळवून पाणी प्यायची तिथली रीत होती. पुढे धूळ पकडून खाणीतल्या कोठारांत भरायला लागले. २००४ साली खाण बंद झाली तेव्हा गावाच्या वेशीवर जमिनीखाली २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड शिल्लक होतं. ते आजही तिथेच आहे. बाहेर काढणं जास्त धोक्याचं, म्हणून जागीच गोठवून ठेवायचं असं ठरलं. त्यासाठी थर्मोसायफन नावाच्या नळ्या वापरतात: बंद नळीत कार्बन डायऑक्साइड, खालची ऊब घेऊन त्याचा वायू होतो, वर थंड हवेत द्रव होऊन परत खाली ओघळतो. वीज लागत नाही, हिवाळाच काम करतो. या साफसफाईचा अंदाजी खर्च ४०० कोटी डॉलरच्या वर आहे.

घाबरवायला सांगत नाही. नळाचं पाणी यलोनाइफ नदीचं आहे, खाणीच्या वरच्या अंगाने उचललेलं, शहराला लागलेल्या ग्रेट स्लेव्ह लेक या प्रचंड तळ्याच्या उपसागराखालून नळाने आणलेलं आणि तपासलेलं. ते आम्ही पितो. पण शहरातल्या फ्रेम लेकमध्ये पोहू नका, तिथले मासे खाऊ नका, खाणीच्या बाजूची बोरं-अळंबी वेचू नका. पाट्या लावलेल्या असतात, त्या वाचा. पोहायला लाँग लेकला जा.

या हकिकतीमुळेच "सोन्यावर उभं राहिलेलं शहर" हे वाक्य पाहुण्याच्या तोंडून आलं की मी जरा थांबते. यलोनाइव्ह्ज डेने लोक इथे सोन्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. यलोनाइफ हे नावच त्यांच्या तांब्याच्या सुऱ्यांवरून पडलं. त्यांच्या भाषेत शहराला सोंबा के म्हणतात, पैशाची जागा. त्या शब्दात मला थोडी थट्टा ऐकू येते. पैसा आला, ज्यांची जमीन त्यांच्या वाट्याला धूर आला. तुम्ही भर बाजारात, फ्रँकलिन ॲव्हेन्यूवर पाहिलेली झिंगलेली माणसं दचकवतात, मान्य. मीही पहिल्या आठवड्यात रस्ता ओलांडला होता. मग कळलं की त्यातल्या कित्येकांना, किंवा त्यांच्या आईबापांना, लहानपणी घरातून उचलून, मूळ रहिवाशांची भाषा-रीत मोडण्यासाठी काढलेल्या निवासी शाळांत घातलं होतं, आणि काहीजण दूरच्या वस्तीतून दवाखान्याला म्हणून आले ते इथेच अडकले. आता मी नावाने हाक मारते. अंगावर येणारं असं माझ्या बाबतीत कधी घडलं नाही. थट्टा मात्र खूप झाली, विशेषतः पहिल्या वर्षीच्या माझ्या चालण्याची. बर्फावर बदकासारखं चालायचं असतं.

दक्षिण हा शब्दही इथे वेगळा आहे. आमच्यासाठी एडमंटन, टोरोंटो, मिरज सगळं "डाउन साउथ". पण आणखी उत्तरेच्या इनुविकहून कामाला आलेला माझा सहकारी यलोनाइफलाच साउथ म्हणतो. त्याच्या लेखी हे मोठं शहर: सिग्नल आहेत, पिझ्झाची निवड आहे, झाडं उंच आहेत. तुम्हाला ती झाडं खुरटी दिसली असतील, त्याला जंगल दिसतं. आणि हो, ध्रुवीय अस्वलं नाहीत. गाडीच्या नंबरप्लेटचा आकार अस्वलाचा आहे एवढंच. खरी अस्वलं शेकडो किलोमीटर उत्तरेला समुद्राकाठी. आर्क्टिक सर्कलसुद्धा इथून सुमारे साडेचारशे किलोमीटर वर आहे.

इथलं खरं जनावर म्हणजे डोमकावळा, इंग्रजीतला रेव्हन. आपल्या कावळ्याच्या दुप्पट, उणे चाळीसला विजेच्या खांबावर बसून गप्पा मारणारा. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवून आत जाईपर्यंत फाडतो. गोल्फ क्लबात वाळूचं मैदान आहे आणि कावळ्याने चेंडू पळवला तर दंड नाही, असा नियम आहे. पितृपक्षात पिंडाला कावळा शिवायची वाट इथे पाहावी लागत नाही. ताट खाली ठेवायलाच सवड मिळत नाही. सासूबाई त्या गोष्टीवर फार समाधानी होऊन परत गेल्या.

अरोराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आईवडिलांना बोलवाल तेव्हा विचाराल. त्यांना जानेवारीत आणू नका. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर रात्री अंधार असतो, तळी गोठलेली नसतात, अरोरा पाण्यात दुसऱ्यांदा दिसतो आणि स्वेटरवर भागतं. नाहीतर मार्च: थंडी आहे पण ऊनही आहे, आणि तळ्यावर बर्फाचा किल्ला बांधतात तो बघता येतो. नोव्हेंबर टाळा, ग्रेट स्लेव्ह लेक अजून पुरतं गोठलेलं नसतं आणि त्याची वाफ ढग होऊन डोक्यावर बसते. फिका अरोरा नुसत्या डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो, हिरवा फक्त कॅमेऱ्यात. हे आधी सांगून ठेवा, म्हणजे पैसे वाया गेले असं त्यांना वाटणार नाही. चांगला असला की सांगावं लागत नाही, लोक ओरडतात.

तर यायचं का? सरकारी नोकरी आहे, हे बरं. खाणीतली असती तर आधी खाणीचं आयुष्य विचारा म्हटलं असतं. डायव्हिक हिऱ्यांच्या खाणीचा शेवट २०२६ साली धरलेला होता आणि गावात सगळे त्याचाच हिशेब करत आले. पगाराच्या आकड्यावर भुलू नका. घरभाडं, तेल, वर्षातून एकदा भारतात जायची तिकिटं वजा करून बघा; उलट बाजूला इथे प्रांताचा विक्रीकर नाही आणि उत्तरेत राहण्याची आयकरात वजावट मिळते. मुलीचं मला टेन्शन वाटत नाही, सात वर्षांचं मूल महिनाभरात बर्फात लोळायला लागतं. तुम्ही स्वतः काय करणार, हे मात्र आधी ठरवा. परत गेलेल्या घरांत बहुतेक वेळा एकाला नोकरी होती आणि दुसऱ्याला फक्त डिसेंबर होता.

"किती वर्षांसाठी आलात?" हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात दहा जण विचारतील. उद्धटपणा नाही तो. इथे दोन वर्षांनी जाणाऱ्यांशी मैत्री करून करून लोक थकलेले असतात. माझी एक शेजारीण तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलत होती. चौथ्या वर्षी तिने तळ्यातल्या व्हाइटफिशचा आख्खा डबा आणून दिला. कोकम घालून केलेलं त्याचं कालवण फार चांगलं होतं.

घर बघताना दिवाणखान्याचे फोटो नंतर, घराच्या खालचे आधी मागवा. सगळी आतली दारं एकेकदा उघडून लावायला सांगा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. दार वरच्या कोपऱ्यात अडत असेल किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरपी भेग गेली असेल, तर मला पाठवा. भाडं भरण्याआधी.